पंखावरचं कुंकू

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
भवानी पेठ, सोलापूर
२७ नोव्हेंबर १९७४

ज्ञानबास शिवशरणचा रामराम.

खुशालीबिशाली नंतर. आधी मला सांग, तुझी पोरगी आहे कुठं? खंडेनवमीला दोन दिवस घरी जाऊन येते म्हणून गेली ती गेलीच. दसरा झाला, दिवाळी झाली, सुटी संपून शाळासुद्धा सुरू झाली. काल मी स्वतः वसतिगृहावर जाऊन आलो. तिथल्या बाई म्हणाल्या, विजयमाला गावाहून आलेलीच नाही. ह्या वयात मला पोरींच्या वसतिगृहाच्या दारात उभं केलंस, जरा लाज वाटू दे.

लग्नबिग्न ठरवलंस काय तिचं? ठरवलं असशील तर ऐक, बाशिंग मी करून देणार नाही. आणि भवानी पेठेत माझ्याशिवाय धड बाशिंग करणारा कोण आहे, ते तुला ठाऊक आहे. दहावीची पोर आहे ती. मिलमध्ये आपण सहा वर्षं शेजारशेजारच्या मागांवर उभे होतो, तेव्हा रात्रशाळेत चार अक्षरं शिकलास ती कुणी मागं लागल्यामुळं, ते आठव आणि पोरीला मुकाट्यानं धाडून दे.

पंचवीस जानेवारीला पोरांनी हातानं केलेल्या विमानांची स्पर्धा आहे. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये, दारंखिडक्या लावून, पंखे बंद करून. कुणाचं विमान जास्त वेळ वर राहतं, एवढंच बघतात. बाकीची पोरं कुठनं कुठनं परदेशी लाकूड मिळवतात, आणि मोडलं की माझ्याकडं येतात, आप्पा जोडून द्या. मी जोडतो. ज्याला बाशिंगाचं कापसासारखं हलकं भेंड कापता येतं त्याला विमानाचा पंख जोडता येतो, त्यात काय मोठं नाही. पण तुझी पोरगी एकटी अशी, की तिनं सगळं विमानच भेंडाचं केलं. पंखाला सराफाकडचा, दागिने गुंडाळायचा झिरझिरीत गुलाबी कागद. पोटाखाली रबराची दोरी, तिला पीळ द्यायचा आणि सोडायचं. सगळं मिळून वीस गुंजा भरलं. सराफाच्या काट्यावर मी स्वतः तोललंय. एका सुपारीच्या निम्मंसुद्धा नाही. सप्टेंबरात एक मिनिट चौतीस सेकंद वर राहिलं. मी तेवढा वेळ खोकला दाबून धरला होता. मिलनं दिलेला माझा खोकला तुला माहीत आहे, तो सुटला असता तर विमान भिंतीवर गेलं असतं.

गावी नेऊ नको म्हणून बजावलं होतं. "आप्पा, आईला दाखवायचंय," म्हणाली. मग काय करणार. बाशिंगाच्या खोक्यात घालून दिलं. ते धड आहे ना, तेही कळव. पोरगी आजारी असेल तर औषधाला इथं घेऊन ये. उत्तराला उशीर करू नकोस.

शिवशरण


खडकमाळ वस्ती, ता. सांगोला
५ डिसेंबर १९७४

शिवशरण आप्पास ज्ञानबाचा रामराम.

वर देवाचं नाव लिवलं न्हाय, त्यावरनं तुमाला कळलं आसंल. माला गेली, आप्पा.

दसऱ्यानंतर धाव्या दिशी गेली. ताप छातीत उतरला. सांगोल्याच्या डाक्टरनं दोन सुया दिल्या, उशीर केलासा म्हनला. तुमाला लिवायचं म्हनून चार डाव कार्ड घेतलं आन् ठिवून दिलं. शाळेलाबी कळवलं न्हाय. लिवलं की खरं हुनार, आसं वाटत हुतं. तवर तुमचंच पत्र आलं. लगीन ठरीवलं का म्हनून तुमी इचारताय. मी वाचलं आन् मेंढरामागं जाऊन बसलो.

आता एक मागनं हाय. तानाबाई, मालाची आई, बोलंना झालीया. भाकरी पुढं ठिवली तर दोन घास मोडती आन् ताट सारती. रानात जात न्हाय, कुनाच्या घरी जात न्हाय. पोरीच्या इमानाचं खोकं मांडीवर घिऊन बसती. इमान मोडलंय. येताना यष्टीत खोकं दाबलं गेलं, त्यानं पंख वाकडा झालाय आन् एक काडी तुटलीया. तिच्या तोंडात एकच, पोरीचं इमान मेलं. दुसरं बोलनं न्हाय.

तवा तेवढं जोडा, आप्पा. त्या स्पर्धंत उडवा. मला बक्षीस नगं. इमान उडालं, एवढं तानाबाईला सांगायचं हाय. तेवढं आईकलं तर ती मानसात यील. न्हाईतर हीबी जानार माज्या हातातनं, मला दिसतंया.

पोरीच्या हातचं काय काढू नगा. जोड लावा, पर तिनं केल्यालं काढू नगा. खोकं आमच्या शेजारच्या सिदूबरुबर धाडतो. मांडीवर घिऊन बस म्हनून सांगितलंय त्याला. आन् हे पत्र वाचून फाडून टाका, घरात ठिवू नगा.

ज्ञानबा


भवानी पेठ, सोलापूर
९ डिसेंबर १९७४

ज्ञानबा,

वाचून फाडलं. फाडायच्या आधी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा डोक्यात शिरलंच नाही. मी काय काय लिहून बसलो होतो तुला. लाज वाटू दे, बाशिंग करणार नाही. ते पत्र तुझ्याकडं असेल तर तेही फाड.

आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. नागम्मा ज्या पाटावर मालाला जेवायला वाढायची तो पाट तिनं उचलून माळ्यावर टाकला. मला म्हणाली, तो दिसायला नको.

सिदूनं खोकं आणून दिलं. विमान मी जोडतो. शाळेतल्या बाईंना मी जाऊन सांगतो, तू कळवू नकोस. वहिनींना म्हणावं, शिवशरण म्हणालाय, उडणार. ह्याहून जास्त आज लिहवत नाही.

शिवशरण


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
भवानी पेठ, सोलापूर
२२ डिसेंबर १९७४

ज्ञानबास रामराम.

बारा दिवस विमान पुढ्यात घेऊन बसलोय, म्हणून पत्राला उशीर झाला. तुटलेली काडी जोडली. दोन्ही टोकं तिरपी कापली, एकमेकांवर बसवली आणि डिंकाचं पाणी पिसाच्या टोकानं लावलं. लोक दुरुस्ती म्हटली की डिंक ओततात. डिंकाला वजन असतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ह्या कामात जोड डोळ्याला दिसता कामा नये आणि काट्यालाही कळता कामा नये. मालाला हे एकदा सांगितलं, परत सांगावं लागलं नाही.

आता दुसरं. खोकं यष्टीत दाबलं गेलं म्हणतोस. एक तर तू मला खोटं सांगतोस, नाहीतर तुला कुणी खोटं सांगितलंय. खोक्याचा कोपरासुद्धा चेमटलेला नाही. पंख वाकडा झालाय तो ओलीनं. कागद भिजला, वाळताना आवळला, त्यानं काडी ओढली आणि मोडली. आणि भिजला कशानं म्हणशील, तर हळदीकुंकवानं. डाव्या पंखावर ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलीत. चांगली दाट. वाळून पोपडा धरलाय. काट्यावर टाकलं तर वीस गुंजांचं विमान चोवीस भरलं. चार गुंजा कुंकू, तेही एकाच पंखावर. सोडलं की त्याच अंगाला कलतं आणि खाली येतं. दहा सेकंदसुद्धा धरत नाही.

कुणी केला हा शहाणपणा? खंडेनवमीला हत्यारं पुजतात, मला माहीत आहे. कात्री पुजा, कोयता पुजा, नांगर पुजा, कोण नको म्हणतंय? पण कागदाच्या विमानाला कुंकू फासायचं कुणाच्या डोक्यात आलं? पोरीचं दोन महिन्यांचं काम पाच बोटांनी मातीत घातलं. मी तिथं असतो तर तो हात तिथंच धरला असता. असली देवभोळी माणसं घरात असली की पोरांनी शिकून तरी काय करायचं.

असो. आता उपाय एकच, तो कागद काढायचा आणि नवा लावायचा. पण तू म्हणालास, तिच्या हातचं काही काढू नका. म्हणून विचारतोय. काढू का, ते कळव. काढल्याशिवाय उडणार नाही, हे मी तुला लिहून देतो.

शिवशरण


खडकमाळ वस्ती, ता. सांगोला
३ जानेवारी १९७५

आप्पास ज्ञानबाचा रामराम.

तुमचं पत्र आलं तवा मी घरात नव्हतो. मेंढरं घिऊन मान नदीच्या काठाला गेल्तो. पोष्टमन आला. तानाबाई त्याला म्हनली, आप्पाचं पत्र हाय, इमानाचं आसंल, वाचून दावा. त्यानं बांधावर उभं ऱ्हाऊन समदं वाचून दावलं. त्याचा काय दोष न्हाय. त्याला काय ठावं.

ते कुंकू तानाबाईनं लावलंया.

मी तुमच्यापासनं लपीवलं. यष्टीत दाबलं म्हनून लिवलं ते खोटं. बायकूला कुनी नाव ठिवू न्हाई म्हनून लिवलं. आता समदं सांगतो.

खंडेनवमीला आमी लोकर कातरायच्या कात्र्या पुजतो, घोंगड्याचा माग पुजतो. तानाबाई म्हनली, माज्या पोरीचं हत्यार तर हे इमान हाय, त्याला सोडून कसं चालंल? पोरगी हिरीवर पान्याला गेल्ती, तवर हिनं पाच बोटं वडली आन् म्होरं झेंडूचं फूल ठिवलं. लई हौसंनं केलं, आप्पा. पोरगी आली, बगितलं, आन् आईला बोलली. जलमात कवा उलटून बोलली नव्हती. म्हनली, तुज्या कुंकवानं माजं इमान मेलं. आप्पानं सांगितल्यालं, आईलासुदीक हात लावू दिऊ नगंस म्हनून. मग म्हनली, हा कागद फाडते. तानाबाईनं फाडू दिला न्हाय. सवाष्णीनं लावल्यालं कुंकू काडायचं नसतं, घरात वाईट हुतं, म्हनली. माय तशी लेक, दोगी बी हट्टाला पेटल्या.

दुसऱ्या दिशी दसऱ्याच्या सकाळी पोरगी कुनाला न सांगता निगाली. वाटंत सिदू भेटला त्याला म्हनली, सोलापूरला आप्पाकडं कागद आनाया चाललीया. आईचं कुंकू हाय तसं ठिवते आन् दुसरा पंखच करते. तेवढं चार कोस चालून फाट्यावर गेली. परतीचा पाऊस लागला, वड्याला पानी आलं, यष्टी आलीच न्हाय. दिवसभर भिजत बसली. सांजच्याला माघारी आली ती तापातच.

तुमचं पत्र आईकल्यापासनं तानाबाईनं भाकरीला हात लावला न्हाय. बाभळीखाली जाऊन बसलीया. मी आलो तवा तितंच हुती. म्हनली, आप्पा बराबर बोलत्यात, माजा हात धरायलाच पायजे हुता. म्या तोंडात पानी घालतो ते तेवढं गिळती.

तवा कागद काढू नगा, आप्पा. ते कुंकू ऱ्हाऊ द्या आन् कुंकवासकट इमान उडवा. कुंकवासकट उडालं म्हंजी आपल्या हातानं काय वंगाळ झालं न्हाय, आसं तिच्या मनाला पटंल. तुमच्या हातात कसब हाय. माज्याजवळ दुसरा इलाज न्हाय.

ज्ञानबा


भवानी पेठ, सोलापूर
८ जानेवारी १९७५

ज्ञानबा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. मार्गशीर्षातल्या शेवटच्या लग्नांची बाशिंगं न्यायला माणसं आली आणि दाराला कडी बघून परत गेली. जाऊ देत.

माझ्या जिभेला हाड नाही, हे नागम्मा तीस वर्षं सांगत आलीय. मी हसण्यावारी न्यायचो. वहिनींचा हात धरायची भाषा मी केली, आणि ती त्यांना बांधावर उभं राहून ऐकावी लागली. मी त्यांच्या पाया पडायला यायला हवं. पण खोकल्यानं यष्टीचा प्रवास होत नाही आता, आणि तिथं येऊन मी बोलणार काय?

एक गोष्ट मात्र त्यांना सांग. तू स्वतः वाचून दाखव, पोष्टमनकडनं नको. पोरीला तसं मीच शिकवलं होतं. "आईनंसुद्धा हात लावता कामा नये" हे शब्द माझेच. मला म्हणायचं होतं, बोटाचा घाम लागतो, कागद सैल पडतो. एवढंच. पण मी साधं बोलतच नाही, दम देऊन बोलतो. मिलच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली ती गेली नाही. पोरीनं ते मनावर घेतलं. आईला ती जे बोलली ते माझ्या तोंडचं होतं. पाप असेल तर ते माझं आहे. वहिनींनी हौसेनं पाच बोटं ओढली, त्यात पाप कसलं?

शाळेतल्या बाईंना भेटून आलो. नियम असा, की ज्यानं विमान केलं त्यानंच उडवायचं. म्हणून स्पर्धेत घेता येत नाही. पण बाई म्हणाल्या, स्पर्धा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर एकदा उडवू. एवढं बोलून त्या खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मालाच्या वर्गातली सुंदरम्मा म्हणून पोरगी आहे, ती सोडणार आहे.

कुंकवासकट उडवायचं, कबूल. चार गुंजा दुसरीकडनं काढतो. दांडी तासतो, शेपूट बारीक करतो, रबर जरा जाड घालतो. तिच्या हातचं थोडं तासलं जाईल, त्याला तुझी ना नसावी. कुंकवाला मी बोट लावणार नाही. शब्द देतो.

वहिनींना दोन घास खायला लाव.

शिवशरण


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
भवानी पेठ, सोलापूर
२६ जानेवारी १९७५

सौ. तानावहिनींस शिवशरणचा नमस्कार. हे पत्र ज्ञानबानं तुम्हाला वाचून दाखवायचं आहे.

वहिनी, काल मालाचं विमान उडालं.

सकाळी दहाला हॉलची दारं लावली. दोनशे पोरं भिंतीला टेकून खाली बसली होती. बाईंनी सांगितलं, हे विजयमालाचं विमान आहे, तिनं सोलापूरच्या भेंडाचं केलंय. मग कुणी खाकरलंसुद्धा नाही. सुंदरम्मानं रबराला पीळ दिला आणि विमान हातातनं सोडलं. फेकायचं नसतं ते, नुसतं हात मोकळा करायचा असतो. मला वाटलं, खाली येतंय. आलं नाही. सावकाश वळलं आणि वर चढलं. छताच्या दिव्यापर्यंत गेलं. तिथं गोल गोल फिरत राहिलं. फिरताना आवाज म्हणून नाही. मी खाली मान घालून बसलो होतो, खोकल्याच्या भीतीनं. शेजारच्या मास्तरांनी माझा खांदा दाबला, म्हणाले, आप्पा, वर बघा.

एक मिनिट बावन्न सेकंद राहिलं. मालाच्या हातून सप्टेंबरात उडालं होतं त्याहून अठरा सेकंद जास्त. शेवटी फरशीवर उतरलं. मग एकदम टाळ्या वाजल्या. नंतर स्पर्धा झाली, पण एवढा वेळ दुसरं कुठलं विमान राहिलं नाही.

तुमचं कुंकू डाव्या पंखावर होतं, तसंच. त्यानं काही अडलं नाही. मी म्हातारा उगाच काहीबाही लिहून बसलो, ते मनातनं काढून टाका. तुमच्या हातानं वाईट झालेलं नाही. आता जेवा.

शिवशरण


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
खडकमाळ वस्ती, ता. सांगोला
१ फेब्रुवारी १९७५

आप्पास ज्ञानबाचा रामराम.

तुमचं पत्र तानाबाईनं तीन डाव वाचाया लावलं. पयल्यांदा नुसती आईकत हुती. दुसऱ्यांदा इचारलं, दिव्यापर्यंत म्हंजी किती वर? मी हात वर करून दावला. तिसऱ्यांदा वाचून झालं तशी उठली आन् सवताहून चूल पेटीवली. महिनाभर घोट घोट पेजंवर ऱ्हायल्याली, भाकरी सवता थापली. दीड भाकरी खाल्ली, आप्पा. मी माजी तशीच ठिवून तिच्याकडं बगत बसलो. दुसऱ्या दिशी डोईवर पदर घिऊन मेंढराकडं आली. तुमचं उपकार म्या कवा फेडू?

आता ती म्हनती, इमान घरी आना. कुंकू घिऊन ते दिव्यापर्यंत गेलं, तर ते कुंकू मला एक डाव डोळ्यांनी बगायचं हाय. रोज इचारती, कवा येनार. सिदू नऊ तारखंच्या आयतवारी बाजारला सोलापूरला येतोय. खोकं त्याच्याजवळ द्या. लई जपून आनंल.

ज्ञानबा


भवानी पेठ, सोलापूर
९ फेब्रुवारी १९७५

ज्ञानबा,

हे पत्र सिदूच्याच हातात देतोय. तू एकटा असताना वाच.

पंखावर कुंकू नाही.

मी दांडी तासली. शेपूट निम्मी केली. रबर तीन प्रकारची घालून बघितली. बावीस वेळा उडवलं, आणि सगळ्यात जास्त राहिलं ते सतरा सेकंद. उजव्या पंखाला तेवढंच वजन लावून बघितलं, मग तर उचलेचना. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी मी नागम्माला म्हटलं, तू सवाष्ण आहेस, तू एवढा कागद काढ. तर ती "ब्याडा, ब्याडा, नको, नको" म्हणत आत निघून गेली आणि दार लावून घेतलं. आमच्यातही लावलेलं कुंकू कुणी काढत नाही. मग मीच काढला. कोरड्या पात्यानं कडेकडेनं सोडवला, नवा लावला. तासाभराचं काम.

तुला शब्द दिला होता, तो मोडला. आणि वहिनींना लिहिलं ते खोटं लिहिलं. बाकी सगळं खरं आहे, दिवा, टाळ्या, एक मिनिट बावन्न सेकंद. कुंकवाचंच तेवढं खोटं.

तुझं पत्र आल्यावर चार-पाच दिवस काय केलं, तेही सांगतो. बशीत हळदकुंकू कालवलं. नागम्माला म्हणणार होतो, तुझी पाच बोटं ओढ. पंख वाकडा झाला तर झाला, आता उडवायचं कुठं आहे? सिदू नेईल, वहिनी बघतील, कुणाला कळणार नाही. दोनदा बशी पुढं घेतली आणि दोनदा पाणी घालून मोरीत ओतली. नाही झालं माझ्याच्यानं. आपल्या बोटांची रेघ बाईला ओळखू येणार नाही काय?

खोक्यात विमान आहे. पंख कोरा आहे. काढलेला कागद त्याच्याखाली घडी न घालता ठेवलाय, तो मी इतके दिवस देवापुढं ठेवला होता. वहिनींना सांगायचं की नाही, ते तू ठरव. त्यांचं खाणं परत तुटलं तर ते माझ्यामुळं तुटेल, हे मला ठाऊक आहे. तरी न सांगता खोकं द्यायला माझा हात होत नाही.

शिवशरण


खडकमाळ वस्ती, ता. सांगोला
१८ फेब्रुवारी १९७५

शिवशरण आप्पास तानाबाईचा नमस्कार.

मी बोलतीया आन् हे लिवत्यात. मदी आपलं काय घालू नगा म्हनून सांगितलंय त्यास्नी.

खोकं आलं. सिदूच्या हातातनं मीच घेतलं आन् उगाडलं. ह्यांनी तुमचं पत्र अजून फोडलंबी नव्हतं. पंख कोरा बगितला आन् मला समदं कळलं. मागनं ह्यांनी पत्र वाचलं. मला सांगावं का न्हाय म्हनून घुटमळत हुते. मी म्हनलं, वाचा, आता काय ऱ्हायलंय लपवायचं?

लई रडले मी, आप्पा. पोरगी गेली तवाबी येवडी रडले नव्हते. पर तुमच्यावर रागानं न्हाय. भाकरी खातीया मी, त्याची काळजी करू नगा.

एक गोष्ट मी ह्यास्नीसुदीक सांगितली नव्हती. आता लिवताना ह्यांचा हात थांबलाय. मी म्हनलं, लिवा.

पोरगी जायच्या आदल्या दिशी हे डाक्टरला आनाया गेल्ते. घरात आमी दोगीच. ताप लई हुता, पर सुदीवर हुती. मला जवळ बलीवलं आन् म्हनली, आये, नवा पंख आता माज्यानं हुयाचा न्हाय. तूच तेवढं कुंकू काढ. वल्या फडक्यानं पुसू नगंस, वाळल्यालं हाय, कोरड्या हातानं हळू झाड. मी तुला बोलले त्याचा राग धरू नगंस. पर तेवढं काढ.

म्या न्हाय काढलं. म्हनलं, घरात पोर आजारी आन् आशा येळंला लावल्यालं कुंकू पुसायचं? आपशकुन हुईल. तिचा हात धरून बसले आन् न्हाय न्हाय म्हनत ऱ्हायले. लई डाव म्हनली ती. मग भितीकडं त्वांड केलं. पुना माज्यासंगं बोलली न्हाय.

आपशकुनाला भिऊन न्हाय काढलं, आन् पोरगी तर गेलीच.

तवापासनं ते खोकं मांडीवर घिऊन बसायची मी. ह्यास्नी वाटायचं, इमान मोडलं म्हनून बसलीया. मी रोज म्हनायची, आज काढू. बोट पंखापतुर न्यायची आन् माघारी आनायची. तुमी पोरीचं न आईकताबी आईकलं, आन् म्या तिच्याजवळ बसून आईकलं न्हाय. नागम्मा वयनी दार लावून आत गेल्या, त्यास्नी म्हनावं, तुमचंबी बराबर हाय, माजंबी तसंच झालं. तुमाला आमी दोगांनी काय बोल लावलेला न्हाय. दुसऱ्या पोरांची इमानं जोडत ऱ्हावा.

काल मी ह्यास्नी इचारलं, एक मिनिट बावन्न सेकंद म्हंजी किती येळ? हे म्हनले, तू बस, मी आकडे मोजतो. एकशे बारा आकडे हुत्यात म्हनं. ह्यांनी सावकाश मोजलं. मी डोळं झाकून बसले. लई येळ आसतो, आप्पा, तेवडा. तेवड्यात कुंकू काढून झालं आसतं.

तानाबाई